दात येत असलेल्या आठ महिन्यांच्या बाळाला हातात धरून खायला काय द्यावं?

चिमटीत दाबल्यावर सहज चिरडतील इतक्या मऊ वाफवलेल्या लांबट फोडी द्या: गाजर, रताळं, लाल भोपळा, पिकलेलं केळं असेल तर तसंच. या वयात बाळ वस्तू मुठीत धरतं, चिमटीत धरणं अजून पक्कं नसतं. म्हणून फोड ५-६ सेंटिमीटर लांब नि मोठ्यांच्या बोटाएवढी जाड हवी, म्हणजे मुठीबाहेर चघळायला टोक उरतं. बारीक तुकडे मुठीतच कुस्करतात. हिरड्या ठणकत असतील तर शिजवलेली फोड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून द्या, गारव्याने बरं वाटतं. फ्रीझरमधली मात्र नको, गोठलेला कडक पदार्थ हिरड्यांना दुखवतो.

चावायला म्हणून कच्चं गाजर किंवा सफरचंदाची कडक फोड अनेकजण देतात, ती कृपा करून देऊ नका. पुढच्या दोन दातांनी तुकडा तुटतो, पण दळायला दाढा नसतात, आणि तो तुकडा थेट घशात अडकतो. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, पॉपकॉर्न यांचाही हाच धोका. हिरड्यांना मध चोळणंही टाळा. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार, होऊ शकतो.

हे सगळं बाळ मान सावरून, थोड्या आधाराने नीट बसत असेल तरच. खाताना ताठ बसवा, आणि संपेपर्यंत समोरून हलू नका.