सड्यावरची (कोकणातल्या कातळाच्या पठारावरची) डबकी दिवाळीच्या सुमारास आटतात, मग चतुर या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्लं जगतात कशी?

बहुतेक पिल्लं पाणी आटायच्या आतच पंख फुटून उडून गेलेली असतात. पावसाळ्यात सड्यावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर (पँटाला फ्लॅव्हेसेन्स) यात तरबेज. कातळावरचं उथळ पाणी उन्हाने लवकर तापतं, डासांच्या अळ्या आणि बेडकांची पिल्लं खायला मुबलक, खाणारे मासे सहसा नाहीत. म्हणून अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण ६ ते ९ आठवडे पुरतात. बारमाही ओढ्यातल्या काही जाती यालाच वर्ष लावतात! पिल्लं उडून गेल्याची खात्री करायची तर काठच्या गवतावर पाठीकडे चिरलेली रिकामी कात शोधा. मात्र मध्येच पाऊस दडी मारून डबकं कोरडं पडलं, तर अर्धवट वाढलेली पिल्लं मरतात.