उबंटू २४.०४ वर ‘लिबजीडाल.एसओ.३० सापडत नाही’ अशी त्रुटी येते, काय करावे?

जुनी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात ती सामायिक कोडची फाइल) शोधत न बसता आर या संगणकीय भाषेतील ‘एसएफ’ हे नकाशांसाठीचे पॅकेजच नव्या उबंटूवर पुन्हा कंपाइल करून (मूळ कोडपासून नव्याने बांधून) घ्यावे, म्हणजे ही त्रुटी जाईल. नागपूरच्या आपल्या विभागातील संगणक उबंटूच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर नेला, पॅकेजांचे जुने फोल्डर मात्र तसेच ठेवले, आणि विदर्भातील जिल्ह्यांचा नकाशा काढताना अडचण आली, असे आपण लिहिले आहे. कारण त्यातच आहे. २२.०४ मध्ये जीडाल (नकाशांचा डेटा वाचणारी लायब्ररी) ३.४ असल्याने फाइलच्या नावाअखेरीस ३० हा क्रमांक होता, २४.०४ मधील जीडाल ३.८ सोबत तो ३४ झाला, आणि जुने पॅकेज अजून ३० च मागते. प्रथम अॅप्ट या उबंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने लिबजीडाल-डेव्ह, लिबजिओस-डेव्ह, लिबप्रोज-डेव्ह आणि लिबयूडीयुनिट्स२-डेव्ह बसवावीत, नंतर आर मधून ‘एसएफ’ पुन्हा इन्स्टॉल करावे; ‘टेरा’ आणि ‘युनिट्स’ ही आर पॅकेजे असल्यास त्यांचेही तसेच. खात्रीसाठी पॅकेजच्या ‘लिब्स’ फोल्डरातील एसएफ.एसओ या फाइलवर ‘एलडीडी’ ही, फाइलला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी, आज्ञा चालवावी. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ दिसेल, तीच लायब्ररी अजून बाकी आहे. ३४ च्या फाइलला ३० नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाचा दुवा) देण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया मानू नये, कारण आतील फंक्शने बदललेली असल्यास आर चालू असतानाच अचानक बंद पडू शकते. मात्र जीडालची हवी तीच आवृत्ती आपण स्वतः ‘यूएसआर’मधील ‘लोकल/लिब’ फोल्डरात बसवलेली असेल, तर पुन्हा कंपाइल करण्याची गरज नाही. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ ही लायब्ररींची नोंद ताजी करणारी आज्ञा चालवणे बहुधा पुरेसे होते.