पेले मोठा की मेस्सी, आणि अमेरिकेत फुटबॉल खरंच रुजला का?

तुम्ही विचारलंय की पेले, मॅराडोना आणि मेस्सी यांच्यात सगळ्यात मोठा कोण, वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना करायची तरी कशी, आणि मेस्सी मायामीला आल्यामुळे अमेरिकेत सॉकर वाढलं म्हणतात त्यात तथ्य किती. मला विचाराल तर हे प्रश्न वेगवेगळे नाहीतच, कारण पेलेही शेवटी अमेरिकेत आला आणि मेस्सीही, दोघांच्या मध्ये ४८ वर्षं गेली, आणि दोघांना इथे काय मिळालं ते नीट बघितलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. गेली १९ वर्षं न्यू जर्सीत आहे. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की दोन्ही पेठा ईर्षेला पेटतात, आणि वर्ल्ड कप आला की अर्ध्या गल्लीत ब्राझीलचा झेंडा, अर्ध्या गल्लीत अर्जेंटिनाचा. म्हणजे पेले की मॅराडोना हे भांडण मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि केलंयही भरपूर. १९९४ ला मॅराडोनाने ग्रीसला गोल मारून कॅमेऱ्यात तोंड घालून जी आरोळी ठोकली ती आम्ही रात्री शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून बघितली होती. तो त्याचा अर्जेंटिनासाठीचा शेवटचा गोल, आणि तोही अमेरिकेतच, बॉस्टनजवळच्या फॉक्सबरोला. काही दिवसांत उत्तेजक चाचणीत सापडला आणि संपलं सगळं. त्या दिवशी आमच्या गल्लीत मोठी माणसं सुतक असल्यासारखी बसली होती.

आता तुलनेचं. लोक पहिल्यांदा गोल मोजायला घेतात आणि तिथेच गाडी चुकते. पेलेचे १२७९ गोल सांगतात, त्यात मैत्रीपूर्ण सामने भरपूर, मग मेस्सीवाले म्हणतात ते धरू नका. पण जरा थांबा, सांतोस, म्हणजे पेलेचा ब्राझीलमधला क्लब, त्या काळात युरोपात दौरे करायची ते सहलीला नव्हे, त्यावर क्लबचं पोट चालायचं आणि समोर युरोपातले तगडे क्लब असायचे. ब्राझीलची आजच्यासारखी राष्ट्रीय लीग सुरू झाली १९७१ ला, त्याआधी मुख्य स्पर्धा म्हणजे राज्याची. मग ते गोल सरसकट कचऱ्यात टाकायचे का? मला नाही पटत. आणि ते वादाचे गोल सगळे बाजूला ठेवले तरी ब्राझीलसाठी ९२ मॅचमध्ये ७७ गोल उरतातच की.

माझ्या मते बघायची गोष्ट वेगळी आहे, त्या माणसाच्या पायाखाली जमीन कशी होती आणि समोरचा त्याला किती मारू शकत होता. १९६६ चा वर्ल्ड कप घ्या. बल्गेरियाने पहिल्याच मॅचला पेलेला इतकं तुडवलं की दुसरी मॅच तो खेळूच शकला नाही, मग पोर्तुगालविरुद्ध उतरला तर मोराईसने एकाच चढाईत त्याला दोनदा पाडलं. बदली खेळाडू तेव्हा नव्हताच, त्यामुळे गुडघा धरून लंगडत लंगडत पेले मैदानात तसाच राहिला, आणि मोराईसला साधं बाहेरही काढलं नाही. पिवळं कार्ड, लाल कार्ड, बदली खेळाडू हे सगळं वर्ल्ड कपमध्ये आलं ते त्यानंतर, १९७० ला. मॅराडोनाच्या वेळी कार्डं होती पण ती खिशातून निघायची नाहीत सहजी, १९८६ च्या एका वर्ल्ड कपमध्ये त्याच्यावर ५३ फाऊल झाले, आणि त्याआधी १९८३ ला स्पेनच्या लीगमध्ये बिल्बाओच्या गोइकोएचेआने मागून येऊन त्याचा घोटाच मोडला होता. मेस्सीच्या वाट्याला हे आलं नाही. मागून धोकादायक टॅकल केलं की थेट लाल कार्ड हा कडकपणा १९९८ पासूनचा, मैदानं गालिच्यासारखी, डॉक्टर, आहार, सगळं. म्हणून मेस्सी पस्तीशीत वर्ल्ड कप जिंकू शकला. यात त्याचा काही कमीपणा नाही, पण पेलेला ती जमीन मिळाली असती तर त्याने काय केलं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

अजून एक गोष्ट आहे जी मला फार लागते. पेले स्वतः ज्या गोलाला आपला सर्वात सुंदर गोल म्हणायचा, १९५९ ला साओ पाउलोत युवेंतुस नावाच्या छोट्या क्लबविरुद्ध मारलेला, त्याची फिल्मच नाही. एकापाठोपाठ एक माणसांच्या डोक्यावरून बॉल उचलत गेला, शेवटी गोलकीपरच्याही, आणि डोक्याने आत ढकलला, आणि आपण आज जे बघतो ते कॉम्प्युटरवर नंतर बनवलेलं चित्र. मेस्सीचा मात्र एकेक स्पर्श वीस-वीस कॅमेऱ्यांतून आपण शंभरदा बघितलाय. मग आजचा पोरगा म्हणणारच की पेलेचं काय एवढं! त्याने बघितलंय काय, तर दोन मिनिटांची क्लिप.

तर तुम्हाला सरळ उत्तर हवंय म्हणून देतो. मी डोळ्यांनी पूर्ण करिअर बघितलेला सगळ्यात परिपूर्ण खेळाडू मेस्सी, त्यात मला शंका नाही. पण मोठा कोण म्हणाल, तर खेळ जिथे होता तिथून उचलून पुढे कुणी नेला, तर पेले. आणि हे मला कोल्हापुरात असताना कळलं नव्हतं, इथे आल्यावर कळलं.

कारण १९७५ ला पेले न्यूयॉर्क कॉसमॉससाठी आला तेव्हा इथे काहीच नव्हतं. अक्षरशः. पहिली मॅच १५ जूनला रँडल्स आयलंडवरच्या डाउनिंग स्टेडियममध्ये डॅलस टोर्नेडोविरुद्ध, आणि मॅच टीव्हीवर दाखवणार होते म्हणून मैदानात जिथे जिथे गवत उडालं होतं तिथे हिरवा रंग मारला होता. मॅचनंतर पेलेने पाय बघितले तर हिरवे, त्याला वाटलं इथे कसलं तरी फंगस झालं, असं सांगतात. तीन वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, वय ३४, आणि रंगवलेल्या मातीवर खेळतोय आणि त्यातही गोल मारतोय. दोन वर्षांत हेच कॉसमॉस न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियममध्ये खेळायला लागले, सोबत जर्मनीचा बेकेनबाउअर, ब्राझीलचा कार्लोस आल्बेर्तो असे वर्ल्ड कप जिंकलेले कॅप्टन, आणि १४ ऑगस्ट १९७७ ला फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सविरुद्ध ७७,६९१ लोक आले. ८-३ ने जिंकले. त्याच सप्टेंबरात हीच टीम कलकत्त्याला मोहन बागानशी खेळून २-२ बरोबरीत सुटली हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असेल, त्यानंतर आठवड्याभरात, १ ऑक्टोबरला पेलेची शेवटची मॅच, कॉसमॉस विरुद्ध सांतोस, अर्धा वेळ इकडून अर्धा वेळ तिकडून.

पण पेले गेला आणि सगळं खचलं. कॉसमॉस ज्या लीगमध्ये खेळायचे, त्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने १९७८ ला २४ टीम केल्या, पैसे उधळले, बहुतेक टीमकडे स्वतःचं मैदान नाही, दुसऱ्याच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर भाड्याने खेळायचं, आणि १९८४ नंतर लीग बंद. म्हणून बरेच जण म्हणतात पेलेचा प्रयोग फसला. मला हे अजिबात मान्य नाही. लीग फसली. पेलेला बघून ज्या पोरांनी बूट घातले ती कुठे गेली नाहीत, ती मोठी झाली, त्यांनी आपापल्या गावात पोरांच्या टीम काढल्या.

हे मी रोज बघतो हो. माझी मुलगी खेळते, शनिवारी सकाळी आठला पार्कात गेलं की गवतावर दव असतं, पांढऱ्या पट्ट्या नुकत्या मारलेल्या, आई-बाप घडीच्या खुर्च्या घेऊन ओळीने बसलेले, कुणीतरी डब्यातून संत्र्याच्या फोडी आणलेल्या, आणि हाफ टाइमला सगळ्या पोरी त्यावर तुटून पडतात. निम्म्याहून जास्त मैदानांवर मुलीच. ह्याला कारण मेस्सी नाही, १९७२ चा कायदा आहे, टायटल नाईन म्हणतात, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात खेळातही मुलींना मुलांइतकीच संधी द्यायची. कॉलेजांनी मुलींच्या सॉकर टीम काढल्या, त्यातून अमेरिकेच्या बायकांनी १९९१, १९९९, २०१५, २०१९ असे चार वर्ल्ड कप आणले. १९९९ ची फायनल पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये ९०,१८५ लोकांनी बघितली. जगात दुसरीकडे बायकांच्या मॅचला एवढी गर्दी तेव्हा कुणी कल्पना तरी केली होती का!

मग १९९४ चा पुरुषांचा वर्ल्ड कप इथे झाला, सरासरी ६९ हजाराच्या आसपास प्रेक्षक. फिफाची अट होती की लीग काढा, म्हणून १९९६ ला एमएलएस, म्हणजे मेजर लीग सॉकर आली, १० टीम घेऊन. सुरुवातीला ह्या लोकांना बरोबरीच सोसायची नाही, म्हणून ३५ यार्डांवरून एकट्याने पळत येऊन पाच सेकंदात गोल मारायचा असला शूटआउट ठेवला होता, घड्याळही उलटं चालायचं. १९९९ नंतर ते सोडलं आणि जगासारखं खेळायला लागले, त्याच वर्षी कोलंबसमध्ये फक्त सॉकरसाठी बांधलेलं स्टेडियम उभं राहिलं, आणि माझ्या मते एमएलएस जगली ती ह्या दोन गोष्टींमुळे. २००२ ला दोन टीम बंद पडल्या तेव्हा लीग बुडणार असंच सगळ्यांना वाटलं होतं, आज ३० टीम आहेत.

आणि मेक्सिको, कोलंबिया, इक्वेडोर, पेरूकडून आलेली माणसं, त्यांना विसरून तर चालणारच नाही. आमच्याच पार्कात रविवारी दुपारी त्यांच्या लीगच्या मॅच असतात, कडेला शेगडीवर मक्याची कणसं भाजतायत, स्पीकर लावलाय, आणि खेळ असा की शाहू स्टेडियमची आठवण यावी. पण त्यांची पोरं शनिवारच्या क्लबात दिसत नाहीत. कारण पैसा. क्लबची फी, ड्रेस, प्रवास, टूर्नामेंट धरून वर्षाला हजारो डॉलर जातात. आमच्या आधीच्या क्लबात एक मुलगा ट्रायलला आला होता, डावा पाय असा गोड की बघत राहावं, आणि फीचा आकडा ऐकून त्याचे वडील पोराचा हात धरून तसेच परत गेले. मी त्या क्लबवाल्यांशी बोललो, ते म्हणाले नियम सगळ्यांना सारखा. मला आजही तो पोरगा आठवला की चीड येते. कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात, तिथे तालमीने कुणाला असं परत पाठवलं नसतं, अनिकेत जाधवसारखा कोल्हापूरचा पोरगा २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, इथे तेवढीच कला असलेली किती पोरं पार्कातच राहतात देव जाणे. अमेरिकेचा पुरुषांचा संघ एवढा पैसा असून मागे का, याचं माझ्यापुरतं पहिलं उत्तर हे.

तर मेस्सी २०२३ च्या जुलैत आला तो ह्या तयार घरात. त्याची टीम इंटर मायामी तेव्हा एमएलएसच्या पूर्वेकडच्या गटात, ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, तळाला होती, २१ जुलैला मेक्सिकोच्या क्रूझ अझूलविरुद्ध उतरला आणि ९४ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल. ते मैदान फोर्ट लॉडरडेलला, जिथे आधी लॉकहार्ट स्टेडियम होतं, म्हणजे पेलेच्या कॉसमॉसकडून आठ गोल खाल्लेल्या त्या स्ट्रायकर्सचं घर, त्याच जागेवर. मेस्सीने केलं ते एवढं की ज्यांना सॉकरशी काही घेणंदेणं नव्हतं ते वळून बघायला लागले, आमच्या ऑफिसात बेसबॉलशिवाय दुसरं न बोलणारी माणसं आपल्या पोरांसाठी मायामीची गुलाबी जर्सी शोधत होती. हे मोठंच आहे. फक्त झाड त्याने लावलं असं म्हणू नका.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, ते १ ऑक्टोबर १९७७ ला जायंट्स स्टेडियममध्ये होते, पेलेने फ्री किकवर मारलेला त्याचा शेवटचा गोल त्यांनी बघितलाय आणि सेकंड हाफला पाऊस आला तरी उठले नाहीत. जुलै २०२४ मध्ये कोपा अमेरिकाची सेमीफायनल, अर्जेंटिना विरुद्ध कॅनडा, इथल्याच मेटलाइफ स्टेडियमला होती, मी त्यांना घेऊन गेलो. जायंट्स स्टेडियम पाडलंय, त्या जागेवर आता मेटलाइफचं पार्किंग आहे, २०२६ च्या वर्ल्ड कपच्या फायनलसाठी हेच ठिकाण निवडलं. आम्ही गाडी लावली आणि ते उतरल्या उतरल्या गाड्यांच्या रांगांमधून चालायला लागले, एका ठिकाणी थांबून म्हणाले, मी साधारण इथे बसलो होतो, आणि तो बॉल तिकडे ठेवला होता. हाताने दाखवलं, तिथे अर्जेंटिनाचे जर्सी घातलेले काही लोक शेगडी पेटवत होते आणि दोन पोरं प्लास्टिकच्या बॉलने खेळत होती. मग आम्ही आत गेलो. ५१ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्याच एन्झोच्या फटक्याला मेस्सीचा पाय लागून गोल झाला आणि आजोबा माझ्याआधी उभे राहिले.