रविवारी उपासना होते, पण सोमवारी विश्वास जगायचा कसा?

तुम्ही लिहिलंय, रविवारी उपासनेत मन भरून येतं आणि सोमवारी कामाला लागलं की त्यातलं काही हाती उरत नाही. मग रोज विश्वास जगायचा तरी कसा? माझं उत्तर सरळ आहे. कोणाचं देणं अडवून ठेवलंय का, ते आधी बघा. प्रार्थनेचा वेळ वाढवायचं त्यानंतर.

काही वर्षांपूर्वी घराला रंग दिला. ‘टिकतो का बघू’ म्हणून रंगाऱ्याची शेवटच्या आठवड्याची मजुरी मी मागे ठेवली. दोन खिडक्यांचा रंग सुटला. बाकी सगळं काम चोख होतं, पण मला कारण मिळालं. तो तीनदा येऊन गेला. चौथ्यांदा आला तेव्हा आमच्याकडे घरगुती प्रार्थना होती आणि मी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घेणार होतो. दारातूनच म्हणालो, “प्रार्थना सुरू होतेय, उद्या या.”

आत येऊन वाचायला बसलो. चौथ्या वचनात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि कामकऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी पोचतो. मी ते वाचलं. वर त्यावर पाच मिनिटं बोललो, श्रीमंत लोक कसे असतात याविषयी! कोणाच्या काही लक्षात आलं नाही. बायकोने मात्र शेवटच्या आमेनपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोन उचलेना. तिसऱ्या दिवशी शोधत गेलो तर दुसऱ्या एका कामावर शिडीवर उभा होता. खिडक्यांचे न कापता सगळे पैसे दिले, माफी मागितली. तो खाली उतरला, हात पुसले, पैसे मोजले, “बरं” म्हणाला आणि परत वर चढला.

हे मी थोरल्या भावाला सांगितलं. दादा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील म्हणजे पुढाऱ्यांपैकी एक आहे, बायबलच्या वचनांचा अभ्यास दांडगा. त्याचा पहिला प्रश्न : “मग त्याला येशूची सुवार्ता सांगितलीस ना?” नाही सांगितली. दादाच्या मते मी संधी घालवली. वर बायबलमधलं इफिस 2:8-9 ऐकवलं, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनेच आहे, कर्मांनी नाही. मान्य आहे. पण त्याच्या पुढचंच दहावं वचन सांगतं की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. ते दादा कधी म्हणत नाही. ज्या माणसाला मी प्रार्थनेचं नाव सांगून दारातून परतवलं, त्याला कोणत्या तोंडाने येशूविषयी सांगणार होतो? शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगणारं वचन लेवीय 19:18 आहे. त्याच्या पाचच वचनं आधी, 19:13 मध्ये, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको असं स्पष्ट लिहिलंय. प्रीतीवर आपण उपदेश भरपूर ऐकतो. मजुरीवर मी तरी एकही ऐकलेला नाही.

मी बायबलमधल्या जक्कय या जकातदाराचं उदाहरण दिलं. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो असं तो बोलला आणि त्यानंतर प्रभू येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं आहे. दादा म्हणाला, पण प्रभू आधी त्याच्या घरी आला, चौपटीची गोष्ट नंतर निघाली. हे त्याचं बरोबर आहे, आणि मला ते तेव्हा कबूल करायला जड गेलं. कृपा आधीच असते. पण जक्कय कृपा मिळाली म्हणून पैसे दाबून बसला नाही, एवढं तरी दादाने मानावं.

प्रार्थना सोडा असं मी म्हणत नाही. साक्ष देऊ नका, म्हणजे येशूविषयी सांगू नका, असंही नाही. 1 पेत्र 3:15 मध्ये आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार राहा असं आहेच, तेही सौम्यतेने. फक्त कोणीतरी विचारावं असं आपल्या वागण्यात काही दिसायला हवं ना?

तुमच्या नोकरीत नेमकं काय अडतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तिथलं मला सांगता येणार नाही. माझ्या घरापुरतं म्हणाल तर काम संपलं की त्याच संध्याकाळी पैसे देतो. प्रार्थना चालू असेल तर उठून देतो. दादा असला की त्याला ते आवडत नाही, मध्येच उठल्याने पवित्र आत्म्याच्या कामात खंड पडतो म्हणतो. मी तरीही उठतो.