नकाशा सुबक, पण समज किती?

प्रश्न : सातवीला शिकवते, चोपडा तालुका. मुलं तापी खोऱ्याचा नकाशा छान गिरवून आणतात, पण पांझरा तापीला कोणत्या बाजूने मिळते ते सांगता येत नाही. गुण कसे द्यावेत?

उत्तर : ताई, गिरवलेल्या नकाशाला गुण देऊच नका. त्यात हाताचं वळण दिसतं, समज नाही. कोरा आराखडा द्या, त्यावर फक्त तापी आणि सातपुडा काढलेला. गिरणा, पांझरा, बोरी, अनेर मुलांनी वर्गातच भरायच्या.

१० गुण असे : चार नद्यांच्या जागेला ४, प्रवाहाच्या बाणांना २, सूचीला १ आणि एका ‘का’ला ३. उदाहरणार्थ, ‘जळगाव जिल्ह्यात गिरणा उत्तरेकडे का वाहते?’ उतार तापीकडे आहे, एवढं स्वतःच्या शब्दांत आलं तरी पुरे. अहिराणीत सांगितलं तरी पूर्ण गुण द्या.

चूक बहुधा ‘डाव्या तीरा’वर होते. मुलं कागदाची डावी बाजू धरतात. तीर ठरतो प्रवाहाच्या दिशेने तोंड करून. तापी पश्चिमेला वाहते, म्हणून डावा तीर दक्षिणेचा. मुलांना मैदानात मावळतीकडे तोंड करून उभं करा, डावा हात वर करायला सांगा : तिकडून गिरणा, बोरी, पांझरा, उजवीकडून अनेर. पाच मिनिटांचं काम आहे.

एका चुकीचे गुण दोनदा कापू नका. पांझरा उत्तरेला काढली, पण बाण तापीकडे असेल तर बाणाचा गुण त्या मुलाचाच. पुढच्या आठवड्यात तोच आराखडा पुन्हा द्या.