श्रावणात वेल छाटू का?

गुहागरच्या एका ताईंनी विचारलंय की मधुमालती कौलांवर चढलीय, जाई खिडकीत घुसलीय, बोगनवेल तर पार रस्त्यावर आलीय, आत्ता श्रावणात छाटलं तर चालेल का. आणि वेंगुर्ल्याचे एक भाऊ विचारतायत, मिरवेल फार माजलाय, कापू का.

ताई, कापा, पण नडतंय तेवढंच. कौलाखाली शिरलेलं, मोडलेलं, वाळलेलं काढायला मुहूर्त लागत नाही. सगळा वेल मात्र बोडका करू नका, कारण आपल्याकडे झड लागली की काप दिवसचे दिवस ओलाच राहतो, तिथूनच बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून खाली वाळत येते. उघडीप बघून कापा, सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसून घ्या, काप तिरका ठेवा.

जाडसर फांदी कापली तर कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची अजिबात नको. त्यात विळ्याचं स्वच्छ पातं बुडवून बघा, तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून थोडा घाला. त्याच दिवशी संपवा.

जाई आत्ता फुलतेय, तिची मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीत. मधुमालती चिवट जात, तिची काळजी नको. बोगनवेलीला फुलं नव्या फुटीवर येतात हे खरं, म्हणून लोक कधीही कोयता घालतात, पण भर पावसात छाटली की नुसते लांबलचक हिरवे फुटवे फेकते आणि काटे वर. दसऱ्यानंतर पाऊस गेला की छाटा, पाणी हात राखून द्या, मग बघा कशी भरते.

भाऊ, तुम्ही मात्र थांबा. मिरवेलाच्या आडव्या फांद्यांवर आत्ता तुरे असतात, त्या कापल्या म्हणजे यंदाची मिरीच कापली. फार वाटलं तर वेल ज्यावर चढवलाय त्या पांगाऱ्याच्या फांद्या विरळ करा, उजेड आत जाऊ दे. बुडातून जमिनीवर पळणाऱ्या रनर गुंडाळून खुंटीला बांधून ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपं करायला त्याच लागतात.

आणि ताई, फोटोत मधुमालती खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरला लागलेली दिसतेय. तिथे कोयता लावू नका, ओल्या वेलातून करंट येतो, आधी महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्या.