आधी बघ, ऐकू कुणाला येत होतं?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम नमस्कार.

युद्धोत्तर जर्मन रेडिओवरचा तुझा आराखडा वाचला. धोरणं आहेत, भाषणं आहेत, ताबा घेतलेल्या देशांची केंद्रं, म्हणजे ब्रिटिशांचं हाम्बुर्ग, अमेरिकनांचं म्युनिक, फ्रेंचांचं बाडेन-बाडेन, सगळं आहे. पण घरातला रेडिओ संच कुठेच नाही. सुरुवात तिथून कर. कुठल्याही कार्यक्रमाबद्दल लिहिण्याआधी चार गोष्टी शोध: तो कुठल्या लहरीवर होता, किती वाजता, कुठल्या संचावर ऐकू येत होता आणि तेव्हा वीज होती का.

विजेचा प्रश्न किरकोळ समजू नकोस. १३ फेब्रुवारी १९४७ ला वोल्फगांग बोर्शर्ट याची युद्धावरून परतलेल्या सैनिकाची श्रुतिका हाम्बुर्गहून प्रसारित झाली. त्या कडाक्याच्या हिवाळ्यात कोळसा नव्हता, वीजकपात होती, आणि खुद्द बोर्शर्टला ती ऐकता आली नाही. त्या कार्यक्रमाच्या परिणामाबद्दल लिहिताना हे ध्यानात असू दे.

आता संच. १९३३ च्या 'फोल्क्सएम्फेंगर'ची, म्हणजे 'लोकांच्या रेडिओ'ची किंमत ७६ राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन) होती. त्यात एकच ट्यून होणारं सर्किट, त्यामुळे जवळजवळची स्टेशनं वेगळी करताना तो अडखळायचा. युद्धानंतर नवा संच विकत घ्यायला परवाना लागे. फ्युर्टच्या माक्स ग्रुंडिग यांनी १९४६ मध्ये त्यातून वाट काढली. 'हाइन्झेलमान' नावाचा सुट्या भागांचा खोका त्यांनी काढला, पण त्यात व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओ चालवणाऱ्या काचेच्या नळ्या नव्हत्या. व्हॉल्व्ह नाहीत म्हणजे तो रेडिओ नाही, म्हणून परवाना नको! व्हॉल्व्ह गिऱ्हाइकाने मिळवायचे. बऱ्याचदा ते लष्कराच्या उरलेल्या साठ्यातले 'आरव्ही१२पी२०००' असत. त्या काळातलं माध्यम समजून घ्यायला मला हा खोका कुठल्याही जाहीरनाम्याइतकाच मोलाचा वाटतो.

तुझ्या आराखड्यात एफएमला एकच ओळ आहे, त्याला अख्खं प्रकरण दे. १९४८ च्या कोपनहेगन परिषदेत युरोपभरच्या मीडियम वेव्ह लहरींची वाटणी झाली. जर्मनीच्या वाट्याला मोजक्या आणि दुय्यम लहरी आल्या. १५ मार्च १९५० ला ती वाटणी लागू झाली. मीडियम वेव्ह रात्री शेकडो किलोमीटर जाते, म्हणून एकाच लहरीवरची परदेशी स्टेशनं अंधार पडला की एकमेकांवर चढतात. यावर उपाय म्हणून म्युनिकला २८ फेब्रुवारी १९४९ ला आणि दुसऱ्याच दिवशी हानोफरला एफएम सुरू झालं. आवाज स्वच्छ, पण पल्ला साधारण नजरेच्या टप्प्याएवढा, त्यामुळे प्रक्षेपकं खूप लागली. जुन्या संचांवर एफएम लागत नसे. लोक स्वस्त जोड-यंत्रं बसवत आणि दीडएक मीटरचा द्विध्रुव (दोन दांड्यांचा) अँटेना लावत. यातली काही जोड-यंत्रं स्वतःच लहरी सोडत, मग शेजाऱ्याच्या रेडिओत खरखर सुरू. तेव्हा 'एफएम आलं आणि सगळे ऐकू लागले' असं लिहू नकोस.

बर्लिनमध्ये तर रिआसची, म्हणजे शहराच्या अमेरिकन भागातल्या रेडिओची सुरुवात ७ फेब्रुवारी १९४६ ला टेलिफोनच्या तारांवरून झाली. प्रक्षेपक त्याच वर्षी पुढे मिळाला.

वेळांमध्ये हमखास फसशील. १९४५ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये मॉस्कोची वेळ चाले. १९४७ मध्ये ११ मे ते २९ जून घड्याळं नेहमीपेक्षा दोन तास पुढे होती. वेगवेगळ्या शहरांतली वेळापत्रकं शेजारी ठेवण्याआधी सगळ्या वेळा एकाच प्रमाणवेळेत आण. 'ह्योर त्सू'सारख्या कार्यक्रम-पत्रिकेत दिसतं ते ठरलेलं. ऐनवेळी झालेला बदल तिथे सापडणार नाही. त्यासाठी संहिता पाहा.

मूळ आवाज कमी उरलेत, कारण फीत महाग होती आणि पुसून परत वापरली जाई. उरलेल्यांचा माग फ्रांकफुर्ट आणि पोट्सडाम-बाबेल्सबेर्ग इथल्या जर्मन रेडिओ अभिलेखागारात किंवा त्या-त्या केंद्रात काढ. १००० मीटरची फीत सेकंदाला ७६.२ सेंटिमीटर वेगाने जेमतेम २२ मिनिटं चालते, ३८.१ ने ४४. डब्यावरचा वेग आणि कालावधी यांचा मेळ बसला नाही, तर फीत अपुरी आहे किंवा चिठ्ठी दुसऱ्या डब्याची आहे. जर्मन फितींच्या गाभ्याला बाजूच्या चकत्या नसतात. दोन्ही तळव्यांवर आडवी घे. मधला गाभा निसटला तर सगळी फीत जमिनीवर येईल आणि तिचा गुंता होईल.

तुझा शुभचिंतक